सेंटरवर शांत, घरी डोकं आपटतो: एका थेरपिस्टच्या पत्राला उत्तर

प्रश्न: मी चार वर्षं ऑटिझम आणि एडीएचडी (लक्ष टिकवणं आणि शांत बसणं अवघड जाणं) असलेल्या मुलांबरोबर एका सेंटरवर काम करते. आठवड्याला ३० सेशन्स असतात. एक सहा वर्षांचा मुलगा वर्षभर माझ्याकडे येतोय, आठवड्यातून दोनदा, ४५-४५ मिनिटं. तो बोलत नाही. माझ्याकडे टेबलाशी नीट बसतो, चित्रांच्या जोड्या लावतो, पझल पूर्ण करतो. घरी मात्र जवळपास रोज संध्याकाळी जमिनीवर डोकं आपटतो. आई दर वेळी दाराशी विचारते, 'हा बोलणार कधी?' मी 'प्रगती चांगली आहे' म्हणते आणि पुढच्या मुलाला आत घेते. सेंटरच्या प्रमुखांना रिपोर्टमध्ये 'आय कॉन्टॅक्ट वाढला' असं लिहिलेलं हवं असतं. आपण या लोकांना फसवतोय असं वाटायला लागलंय. हे क्षेत्र सोडू का? की आणखी एखादा कोर्स करू?

उत्तर:

सप्रेम नमस्कार.

आधी एक साधा हिशोब करू. आठवड्याचे तास १६८. त्यातले दीड तास तो मुलगा तुमच्याकडे असतो, उरलेले १६६.५ तास घरच्यांकडे आणि शाळेत. आणि त्या दीड तासात त्याची आई बंद दाराबाहेर बसलेली असते. तुमच्या पत्रातल्या जवळजवळ सगळ्या अडचणी त्या दारापाशी येऊन थांबतात. कोर्सचं नंतर बघू. पुढच्या सेशनला आईची खुर्ची आत घ्या.

सेंटरवर जमतं ते घरी का जमत नाही, याचं कारण मुलाच्या हट्टात शोधू नका. तो जे शिकला ते तुमचं टेबल, तुमचा आवाज, तीच लॅमिनेट केलेली चित्रं आणि तोच क्रम यांच्यासकट शिकला. यातली एक गोष्ट बदलली की त्याच्यासाठी ते काम नवं होतं. म्हणून प्रत्येक उद्दिष्टाशेजारी तीन गोष्टी लिहा: कुठे, कुणाबरोबर, कोणत्या वस्तूने. तीन वेगवेगळ्या माणसांबरोबर, दोन ठिकाणी, कुणी न सुचवता ते झालं, तरच 'शिकला' म्हणा. हा निकष लावला की रिपोर्टमधली निम्मी प्रगती गळून पडेल. त्याला घाबरू नका. उरलेली निम्मी खरी असेल.

आता डोकं आपटण्याबद्दल. यावर सविस्तर लिहिणं भाग आहे, कारण इथे चुका महागात पडतात.

पहिलं पाऊल डॉक्टरांकडे. जे मूल सांगू शकत नाही, त्याचं दुखणं वागण्यातून बाहेर येतं. कान, दात, बद्धकोष्ठता, जळजळ, डोकेदुखी, अपुरी झोप, एवढं तपासून झाल्याशिवाय 'बिहेवियर' हा शब्द वापरू नका. ऑटिझममध्ये पोटाच्या तक्रारी आणि झोपेचे त्रास जास्त आढळतात, अपस्माराचं (फिट्सचं) प्रमाणही इतर मुलांपेक्षा जास्त असतं. आपटणं नव्याने सुरू झालं असेल किंवा अचानक वाढलं असेल, तर तपासणी त्याच आठवड्यात व्हायला हवी. आणि आपटल्यानंतर उलटी, गुंगी, चालताना तोल जाणं किंवा डोळ्यांच्या दोन बाहुल्या लहानमोठ्या दिसणं यातलं काहीही झालं, तर थेट हॉस्पिटल गाठायचं. हे आईवडिलांना तोंडी सांगा आणि लिहूनही द्या. घाबरलेल्या माणसाच्या लक्षात तोंडी सूचना राहत नाहीत.

दुसरं पाऊल नोंदीचं. दोन आठवडे रोज, प्रत्येक प्रसंगाला चार-पाच ओळी. पालक पहिल्या दिवशी लिहितात, 'चिडला. हट्ट केला. लक्ष वेधायला आपटलं.' हे त्यांनी काढलेले निष्कर्ष झाले. कॅमेऱ्यात जे दिसलं असतं तेवढंच लिहायचं, असं त्यांना एकदा करून दाखवा. नोंद साधारण अशी हवी:

'६.०५. आई फोनवर. ड्रायर चालू. मुलगा ड्रायरजवळ गेला, कान झाकले, परत आला, आईचा हात ओढला. आई म्हणाली थांब जरा. त्याने पुन्हा हात ओढला. मग खाली बसून चार वेळा डोकं आपटलं. आईने फोन ठेवला, उचलून दुसऱ्या खोलीत नेलं. ६.११ ला शांत. काल रात्री झोप साडेपाच तास. दोन दिवस शी नाही.'

या एका नोंदीत केवढं काय आहे बघा. आवाजाचा त्रास आहे. झोप कमी आहे, पोट साफ नाही. आणि सगळ्यात महत्त्वाचं, त्याने आपटण्याआधी दोनदा सांगितलं होतं. हात ओढणं हे त्याचं वाक्य होतं, त्याला उत्तर आलं नाही. डोकं आपटल्यावर काही सेकंदांत आलं. असं रोज झालं तर मूल काय शिकेल? हात ओढून काम होत नाही, डोकं आपटून होतं. यात नाटक कुठेच नाही. आईचाही दोष नाही, हात ओढणं म्हणजे काय हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं.

उपाय त्या नोंदीतूनच निघतात. ड्रायर तो घरात नसताना लावायचा, किंवा आधी कान झाकणारे इअर मफ द्यायचे. हात ओढला की पाच सेकंदांत वळायचं, लगेच उठता आलं नाही तरी 'ऐकलं' एवढं म्हणून त्याच्या हातावर हात ठेवायचा. पोट आणि झोपेसाठी डॉक्टर. दोन आठवड्यांच्या नोंदी शेजारी शेजारी ठेवल्या की आणखीही काही दिसेल. बहुतेक प्रसंग सेंटरवरून आल्यावर तासाभरात होत असतील, तर तुमच्याकडचा शांतपणा हा त्याने धरून ठेवलेला श्वास असू शकतो. मग सेशननंतर अर्धा तास मोकळा ठेवायचा, प्रश्न नाहीत, सूचना नाहीत, मंद उजेड, त्याच्या आवडीची हालचाल. सेशनमधल्या मागण्याही कमी करा.

प्रसंग चालू असताना काय करायचं, हेही घरच्यांबरोबर एकदा करून बघा. डोकं आणि जमीन यांच्यामध्ये उशी किंवा आपला तळवा. बोलणं जवळजवळ बंद. दिवा आणि आवाज कमी. बघणारी माणसं खोलीबाहेर. मनगटं दाबून धरायची नाहीत, त्याने भीती वाढते आणि दोघांनाही इजा होते. 'दुर्लक्ष करा, आपोआप थांबेल' हा सल्ला अजूनही सर्रास दिला जातो. डोक्याच्या बाबतीत तो धोकादायक आहे. त्या क्षणी शिकवायलाही जाऊ नका, मेल्टडाऊनमध्ये, म्हणजे ताण असह्य होऊन ताबा सुटलेला असताना, शिकवणं आत पोचत नाही. शिकवायची वेळ सकाळी, सगळे शांत असताना.

आता आईचा प्रश्न.

'हा बोलणार कधी?' याचं प्रामाणिक उत्तर देता येतं, आणि ते 'प्रगती चांगली आहे' यापेक्षा पुष्कळ दिलासा देणारं असतं. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात चार वर्षांच्या वयात शब्द जोडून न बोलणाऱ्या ५३५ ऑटिस्टिक मुलांची माहिती होती. आठ वर्षांपर्यंत किंवा त्यानंतर सुमारे ७० टक्के मुलं शब्द जोडून बोलू लागली होती, आणि जवळपास निम्मी सफाईने बोलत होती. पण हा आकडा तिच्या हातात हमीपत्रासारखा देऊ नका. सहाव्या वर्षी एकही शब्द नसलेल्या मुलाचं चित्र त्या सरासरीपेक्षा वेगळं असू शकतं, आणि ऑटिझम असलेल्यांपैकी साधारण २५ ते ३० टक्के जण मोठेपणीही फार थोडे शब्द बोलतात किंवा बोलत नाहीत. तिला सांगायचं ते असं: 'तोंडाने बोलेल का, कधी बोलेल, हे मी आज सांगू शकत नाही. मात्र काय हवं, काय नको, कुठे दुखतंय हे सांगण्याचा रस्ता आपण त्याला या महिन्यापासून देऊ शकतो. त्यासाठी बोलणं येण्याची वाट बघायची गरज नाही.'

तो रस्ता म्हणजे चित्रांवर बोट ठेवून सांगण्याचा कम्युनिकेशन बोर्ड, किंवा टॅबवरचं तसंच ॲप. तुमच्या पत्रात याचा उल्लेखही नाही, आणि मला सर्वांत जास्त खटकलं ते हेच. वर्षभर जोड्या लावणाऱ्या मुलाला चित्रं कळतात, पण ती चित्रं त्याच्या कामाला कुणी जुंपलेली नाहीत. 'चित्र दिलं तर बोलायचा आळस करेल' अशी भीती पालकांना असते, काही थेरपिस्टनाही असते. २००६ साली झालेल्या एका संशोधन-आढाव्यात बोलण्याला असे पर्याय दिलेल्या ज्या २७ जणांबद्दलचा पुरावा भक्कम होता, त्यांच्यात एकाचंही बोलणं कमी झालेलं दिसलं नाही. ८९ टक्क्यांचं वाढलं, तेही बऱ्याचदा थोडंसंच, पण वाढलं.

सुरुवात एका कडक पुठ्ठ्याच्या बोर्डाने होते. वीसेक चौकोन, प्रत्येकात चित्र आणि खाली शब्द, जागा कायमची ठरलेली. बहुतेक बोर्ड फक्त वस्तूंच्या नावांनी भरलेले असतात, आणि मग मूल फक्त मागायला शिकतं. तुमच्या बोर्डावर आधी 'नको', 'थांब', 'संपलं', 'मदत', 'आणखी', 'दुखतंय', 'आवाज', 'बाहेर' हे यायला हवेत. 'नको' सांगता येणं ही सुरक्षिततेची गोष्ट आहे, आणि त्याने सांगितलेलं 'नको' शक्य तिथे मानायचं, नाहीतर तो शब्द मरतो. पहिले काही आठवडे त्याच्याकडून काहीही मागू नका. तुम्ही बोलता बोलता स्वतः बोर्डावर बोट ठेवा. बूट काढताना 'संपलं', डबा उघडेना तेव्हा 'मदत'. दिवसातून ३० ते ४० वेळा, तेही रोजच्या कामांतच. एकदा बोट ठेवलं की मनातल्या मनात दहापर्यंत मोजून गप्प राहा. हे दहा सेकंद शिकायला थेरपिस्टनाच जास्त वेळ लागतो, आपण दुसऱ्या-तिसऱ्या सेकंदाला तोंड उघडतो आणि त्याची जुळवाजुळव मोडते.

बोर्ड बिघडतो कसा, तेही सांगून ठेवते. तो दप्तरात राहतो. पाहुणे आल्यावर कपाटात जातो. शिक्षा म्हणून काढून घेतला जातो, म्हणजे अक्षरशः मुलाचं तोंड बंद केलं जातं. किंवा घाईने त्याचा हात धरून बोट टेकवलं जातं. शेवटचं तर कधीच करू नका. मुलाचा हात किंवा कोपर धरून त्याच्याकडून टाइप करून घेण्याची एक पद्धत १९९० च्या दशकात गाजली होती. नियंत्रित चाचण्या घेतल्यावर दिसलं, की शब्द हात धरणाऱ्याचे असतात, आणि हात धरणाऱ्याला ते कळतही नाही. ती पद्धत नवी नावं घेऊन अजूनही येते. आईला कुणी ती सुचवली, तर तिच्याशी बोलायला तुम्ही तयार असायला हवं.

या घरात स्पीच थेरपिस्ट अजून नसेल तर आता लागेल. बोर्ड उद्या सुरू करा, पण शब्द कसे वाढवायचे हे त्यांच्याबरोबर ठरवा.

सेशनची घडण बदला. ४५ मिनिटांतली पहिली दहा आईची: आठवडा कसा गेला, काय जमलं, काय नाही. पुढची वीस तुम्ही मुलाबरोबर, ती बघतेय. मग दहा मिनिटं ती मुलाबरोबर आणि तुम्ही बघताय. या दहा मिनिटांत तुमचं तोंड बंद हवं. चूक दिसली तरी लगेच दुरुस्त करू नका, नाहीतर ती तुमच्यासमोर पुन्हा काही करून बघणार नाही. उरलेल्या पाचात एकच गोष्ट कागदावर, तिच्याच शब्दांत, घरात रोज होणाऱ्या एखाद्या कामाला बांधलेली: दात घासताना, अंघोळीला, बूट घालताना. एकच. पाच गृहपाठ दिले की एकही होत नाही आणि पुढच्या वेळी ती खोटं सांगते, कारण तिला तुमच्यासमोर वाईट आई दिसायचं नसतं.

तिच्या या भीतीला इतिहास आहे. ऑटिझमचं सविस्तर वर्णन बालमानसोपचारतज्ज्ञ लिओ कॅनर यांनी १९४३ साली केलं. पुढची दोन दशकं आईच्या थंडपणाने मूल असं होतं, असं तज्ज्ञ मंडळीच सांगत होती. त्याला १९६४ साली जोरदार उत्तर दिलं ते मानसशास्त्रज्ञ बर्नार्ड रिमलँड यांनी, आणि ते स्वतः ऑटिस्टिक मुलाचे वडील होते. तो सिद्धांत गेला, पण दाराशी उभ्या असलेल्या आईच्या मनातून तो अजून गेलेला नाही. म्हणून पहिल्या भेटीतच स्पष्ट शब्दांत सांगा: हे तुमच्यामुळे झालेलं नाही. गृहीत धरू नका की तिला माहीत असेल.

आणखी एक गोष्ट फार कमी सेंटरवर लक्षात घेतली जाते. ऑटिझम आणि एडीएचडी दोन्हींत आनुवंशिकतेचा वाटा मोठा आहे. जे वडील वेळा विसरतात, जी आई तुमचं बोलणं ऐकताना भिंतीकडे बघते, त्यांच्यातही हीच जडणघडण असू शकते. 'पालक सहकार्य करत नाहीत' असं लिहिण्याआधी आदल्या दिवशी मेसेज पाठवून बघा, तोंडी ऐवजी लेखी द्या, एका वेळी एकच प्रश्न विचारा. भावंडं असतील तर त्यांना महिन्यातून एकदा तरी विचारा, तुला काय अवघड जातं. घरात त्यांना हे विचारायला बहुधा कुणाला वेळ नसतो.

चमत्कारी उपचारांचा विषय कधीतरी निघेलच. तेव्हा रागावू नका. रागावलात तर उपचार थांबत नाही, फक्त तुमच्यापासून लपवला जातो. 'यातून काय होईल अशी आशा आहे? सहा आठवड्यांनी फरक पडला की नाही हे कशावरून कळेल? यात इजा काय होऊ शकते?' हे तीन प्रश्न एकत्र बसून विचारा. काही बाबतींत मात्र मध्यममार्ग नाही. शरीरातले धातू काढण्याच्या नावाखाली केलेल्या चीलेशनमध्ये २००५ साली अमेरिकेत एका पाच वर्षांच्या ऑटिस्टिक मुलाचा मृत्यू झाला. ब्लीच पाजण्याचे प्रकारही विकले जातात. इथे तुम्ही ठाम 'नाही' म्हणायचं आणि डॉक्टरांना कळवायचं.

आय कॉन्टॅक्ट. हे उद्दिष्ट काढून टाका. डोळ्यांत बघताना नीट ऐकू येत नाही, त्रास होतो, असं अनेक ऑटिस्टिक प्रौढांनी सांगितलं आहे. सतत 'नॉर्मल' दिसण्याची कसरत करून माणूस थकून कोसळतो, हेही त्यांनीच सांगितलं. डेमियन मिल्टन या ऑटिस्टिक संशोधकाने २०१२ साली मांडलेली एक गोष्ट तुमच्या टेबलावर लिहून ठेवण्यासारखी आहे: न समजणं दोन्ही बाजूंनी असतं. त्या मुलाला आपण कळत नाही, तसं आपल्यालाही तो कळत नाही, फक्त थेरपीला त्याला पाठवलं जातं. यापुढे प्रत्येक उद्दिष्टाला विचारा, हे साध्य झालं तर दिवस कुणाचा सोपा होईल? उत्तर 'बघणाऱ्यांचा' असेल तर ते उद्दिष्ट खोडा.

प्रमुखांशी बोलताना तत्त्वाचा वाद घालू नका. त्यांना रिपोर्टमध्ये मोजता येणारं काहीतरी हवं आहे, ते द्या. 'या एका कुटुंबाबरोबर बारा आठवडे मला वेगळ्या पद्धतीने काम करायचं आहे. आठवड्यात किती वेळा डोकं आपटलं, न सुचवता बोर्डावर किती वेळा बोट ठेवलं आणि रात्रीची झोप, हे तीन आकडे दर महिन्याला देईन.' सेशन्स वाढवा असा आग्रह झाला तर हेही माहीत असू द्या, की २०२४ साली १४४ अभ्यास एकत्र तपासून झालेल्या विश्लेषणात जास्त तास दिल्याने लहान ऑटिस्टिक मुलांना जास्त फायदा होतो असा भक्कम पुरावा मिळाला नाही.

बारा आठवड्यांचीही परवानगी मिळाली नाही तर सेंटर सोडा. क्षेत्र सोडण्याचा निर्णय या सेंटरवर बसून घेऊ नका.

आणि तुमचे ३० सेशन्स. एवढ्यात कुणाचंच काम नीट होत नाही. प्रत्येक सेशनमागे नोंद, तयारी, शाळेशी किंवा डॉक्टरांशी बोलणं यात निदान वीस मिनिटं जातात, म्हणजे आठवड्याचे आणखी दहा तास. ते तुम्ही सध्या एकतर झोपेतून काढताय किंवा काढतच नाही आहात. २० ते २२ वर आणा, लगोलग चारपेक्षा जास्त नकोत. दिवसभराचे आवाज आणि रडणं तुमच्याही शरीरात साठत असतं. दर पंधरवड्याला तासभर सुपरव्हिजन, म्हणजे अनुभवी थेरपिस्टबरोबर आपल्या कामाची चर्चा, सेंटर देत नसेल तर बाहेर शोधून. तिथे सगळ्यात चांगलं सेशन घेऊन जाऊ नका. पालकांच्या परवानगीने केलेलं चित्रीकरण न्या, आणि त्यातली सर्वांत वाईट दहा मिनिटं दाखवा.

कोर्स करायचाच असेल तर ऑटिस्टिक प्रौढांबरोबर काम कसं करायचं, याचा करा. ज्यांचा ऑटिझम तिशी-चाळिशीत ओळखला जातो, विशेषतः स्त्रिया, त्यांना नीट मदत करणारे फार कमी आहेत. तिथे 'कसं वाटतंय?' हा प्रश्न बऱ्याचदा चालत नाही, कारण भावनेला नाव देणंच अवघड असतं. 'छातीत काय होतंय, जबडा आवळलाय का?' असं विचारावं लागतं. काय बोलणार आहोत ते आदल्या दिवशी लेखी पाठवावं लागतं. आणि आत्महत्येचे विचार येतात का हे थेट शब्दांत विचारावं लागतं, कारण या लोकांत तो धोका इतरांपेक्षा जास्त आहे आणि आडून विचारलेला प्रश्न त्यांच्यापर्यंत पोचत नाही. हे काम केल्यावर सहा वर्षांच्या मुलाकडे बघण्याची नजरही बदलते. पझल किती वेळात झालं यापेक्षा तिसाव्या वर्षी त्याला 'नको' म्हणता येईल का, हे आधी दिसायला लागतं.

पुढच्या सेशनच्या आदल्या संध्याकाळी आईला मेसेज करा: 'उद्या तुम्हीही आत बसा. वही आणि पेन आणा. बोलण्याबद्दल तुम्ही जे विचारता, त्याला उद्या पहिली दहा मिनिटं ठेवली आहेत.'